डाउन्सवर पळायला कुठून सुरुवात करावी?

हेवर्ड्स हीथहून, नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

मी यंदाच इथल्या, दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सच्या, मराठी मंडळात आलो. पुण्यात असताना पहाटे विद्यापीठाच्या आवारात पळायचो, रविवारी बाणेरची टेकडी, कधीमधी सिंहगड. इथे आल्यापासून नुसता फुटपाथ तुडवतोय आणि आता कंटाळा आला आहे. कामाला रोज ट्रेनने ब्रायटनला जातो. हॅसॉक्स सुटलं की समोर साउथ डाउन्सचा हिरवा डोंगर आडवा येतो, गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर येते तोवर डोंगर मागे पडलेला असतो. रोज वाटतं, हा वरून ओलांडायला हवा.

सपाटीवर 15 किलोमीटर सहज होतात. गाडी नाही, त्यामुळे ट्रेन किंवा बसने जाता-येता येईल अशीच वाट हवी. समुद्रकाठच्या सेव्हन सिस्टर्स या पांढऱ्या कड्यांचे फोटो सगळीकडे दिसतात, तिथूनच सुरुवात करू का? बूट वेगळे लागतात का? जूनमध्ये आई येणार आहे. तिलाही डोंगर बघायचा आहे, पण तिला फार चालवणार नाही.

---

ईस्टबोर्नहून, काका

अरे, विचारतोस काय! सेव्हन सिस्टर्सच. ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे येणारी 12 नंबरची कोस्टर बस धर आणि एक्सीटला उतर. ककमिअर नदीच्या काठाने समुद्रापर्यंत ये आणि डावीकडे चढायला लाग. पहिली टेकडी हेवन ब्राउ, 77 मीटर, सगळ्यांत उंच तीच. तिथून बर्लिंग गॅप, बेल टूटचा जुना दीपस्तंभ, मग बीची हेड आणि खाली ईस्टबोर्न स्टेशन. साधारण 13 किलोमीटर. एका हाताला समुद्र, पायाखाली गवत. वाट चुकायची सोयच नाही. इंग्लंडमध्ये राहून हे पाहिलं नाही तर काय पाहिलं? घरी येऊन चहा पिऊन जायचं, हे वेगळं सांगायला नको.

---

लुईसहून, ताई

काकांच्या वाटेवर माझा जीव आहे, तरी पहिल्या दिवशी तिथे जाऊ नये असंच मी म्हणेन. का ते सांगते. त्यासाठी आधी हा डोंगर कसा घडला ते सांगावं लागेल. एकदा ते डोक्यात बसलं की नकाशा उघडून आपली वाट आपल्याला ठरवता येते.

हा सगळा डोंगर खडूचा आहे. दहा कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे कोट्यवधी वर्षं इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांची चुन्याची कवचं तळाशी साचत गेली, त्यांचा हा थर. तो सगळा काळ संपता संपता, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, तिकडे आपल्या दख्खनवर लाव्हा वाहत होता. सिंहगडाचा काळा कातळ त्यातलाच. पुढे इथली जमीन मधोमध फुगून वर आली, तो फुगलेला माथा झिजून गेला आणि दोन कडा उरल्या. उत्तरेची कड ती नॉर्थ डाउन्स, दक्षिणेची आपली साउथ डाउन्स. दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. म्हणून आपल्या डोंगराची उत्तरेची बाजू छातीवर येणारी आणि दक्षिणेची समुद्राकडे सावकाश उतरत जाणारी. लंडनकडून नॉर्थ डाउन्सवर जाणाऱ्यांना हेच उलटं दिसतं.

पळणाऱ्याला यातून बरंच कळतं. उत्तरेकडून आलास तर चढ थोडा पण खडा. एकदा माथ्यावर पोचलास की धारेवरून मैलोन्‌मैल पळता येतं. साउथ डाउन्स वे ही वाट बहुतेक ठिकाणी याच धारेने जाते, विंचेस्टर ते ईस्टबोर्न, 100 मैल. दक्षिणेकडून आलास तर चढ लांबलचक, पण न थांबता पळता येण्याजोगा. फक्त मध्ये कोरड्या दऱ्या येतात. त्या दऱ्यांना नदी नाही. हिमयुगात खडूच्या आतलं पाणी गोठलं होतं, त्यामुळे वितळलेलं बर्फाचं पाणी आत न मुरता वरून वाहिलं आणि त्याने दऱ्या कापल्या. आता पडेल तो पाऊस खडू पिऊन टाकतो. डोंगरावर ओढा नाही, झरा नाही. मेंढपाळांनी तळाला चिकणमाती कुटून बसवलेली पावसाच्या पाण्याची डबकी आहेत, पण ती गुरांसाठी. आपलं पाणी आपणच न्यायचं.

वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो आणि धारेवर त्याला अडवायला झाड नसतं. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला पळावं. शेवटचे पाच किलोमीटर वारा तोंडावर घेऊन पळणं आणि पाठीवर घेऊन पळणं यात पायांना किती फरक पडतो, ते एकदा उलट्या दिशेने जाशील तेव्हा कळेलच.

आता वाट. हॅसॉक्स ते लुईस, साधारण 15 किलोमीटर, दोन्ही टोकांना स्टेशन. हॅसॉक्सला उतरलास की रुळांच्या कडेने क्लेटनपर्यंत पायवाट आहे. तुझा रोजचा बोगदा तिथेच सुरू होतो. 1841 सालचा, दोन किलोमीटरहून थोडा लांब, आणि त्याच्या तोंडावर किल्ल्यासारखे बुरूज बांधले आहेत. गाडीत बसून ते दिसत नाहीत. शेजारच्या छोट्या चर्चमध्ये नऊशे वर्षांपूर्वीची भिंतीचित्रं आहेत, तीही बघून घे. मग चढ. तो चालतच चढ. साधारण दीडशे मीटरचा आहे, सिंहगडापुढे काहीच नाही, पण सुरुवातीलाच येतो आणि तिथे जोर काढलास तर पुढे डिचलिंगला पोटऱ्या बोलू लागतात. वर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या. जॅक काळा, जिल पांढरी. जिलमध्ये अजून गहू दळतात.

तिथून पूर्वेला वळायचं. डावीकडे खाली वील्डची, म्हणजे दोन्ही डाउन्सच्या मधल्या प्रदेशाची, सपाटी, कुंपणांनी आखलेली शेतं आणि रानं. उजवीकडे दऱ्या उतरत उतरत समुद्र. डिचलिंग बीकन 248 मीटर. तिथल्या गाडीतळापाशी सायकलवाल्यांची गर्दी असते, कारण तो रस्ता चढून येणं हा त्यांचा मोठा पराक्रम. त्यांच्याकडून शाबासकी घे, त्यांना दे आणि पुढे चल. ब्लॅककॅप टेकडीपाशी साउथ डाउन्स वे एकदम दक्षिणेला वळते. तिथे तिला सोडायचं आणि सरळ आग्नेयेला, जुन्या रेसकोर्सवरून लुईसमध्ये उतरायचं. हा शेवटचा उतार लांब आणि गवताचा आहे. माझ्या मते पूर्ण डाउन्समध्ये पायांना इतका सुखाचा दुसरा उतार नाही.

पाट्यांचं सोपं आहे: पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण घोडे आणि सायकलींनाही मोकळा, आणि ओकच्या फळाचं चिन्ह म्हणजे राष्ट्रीय वाट. निळ्या वाटेवर सायकलवाल्याने पायी माणसाला वाट द्यायची असा नियमच आहे. घोडा मात्र मागून धावत येणाऱ्याला बिचकतो. लांबूनच आवाज दे, चालायला लाग, मगच पुढे जा.

आणि सेव्हन सिस्टर्स आधी का नको? तिथे धार नाही. समुद्राने दऱ्या आडव्या कापल्या आहेत, त्यामुळे तू प्रत्येक दरीत उतरतोस आणि लगेच चढतोस. नाव सातांचं आहे, पण माथे मोजलेस तर आठ भरतील. चढाने दम जातो, उतारांनी मांड्या जातात, आणि ज्याचे पाय फुटपाथला सरावले आहेत त्याचे गुडघे बर्लिंग गॅपलाच कुरकुरायला लागतात. महिना-दोन महिने धारेवर पळ, मग जा. तेव्हा ती वाट खरी उपभोगता येईल.

---

वर्थिंगहून, डॉक्टर काकू

ताईंनी वाट सांगितली, मी तब्येतीचं सांगते.

गोचीड. मार्च ते ऑक्टोबर उंच गवतातून, नेच्यातून गेलात की घरी येऊन पाय, गुडघ्यामागची बाजू, कंबर नीट बघा. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढून काढा. तेल, तूप, काडेपेटी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला, ताप आला, तर लगेच जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा. गोचिडीमुळे होणारा लाइमचा आजार वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो.

गायी. वासरं बरोबर असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. पळणं थांबवा, लांबून वळसा घ्या. कुत्रं बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या, कुत्रं आपलं आपण निसटतं. फाटक जसं मिळालं तसंच ठेवा.

ऊन. सावली शून्य, आणि पांढऱ्या वाटेवरून ऊन उलटून डोळ्यांवर येतं. टोपी, गॉगल, आणि दीड तासाहून जास्त पळणार असाल तर किमान एक लिटर पाणी. साउथ डाउन्स वेवर सॅडलस्कोम फार्म, हाउसडीन फार्म आणि साउथीझ इथे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. हॅसॉक्स ते लुईसच्या धारेवर मात्र भरवशाचा नळ नाही.

थंडीत उलटं. घामाने भिजलेलं अंग घेऊन धारेवर थांबलात की वाऱ्याने पाच मिनिटांत हुडहुडी भरते. पाठीवर एक पातळ वाराबंद जाकीट नेहमी असू द्या.

---

हेवर्ड्स हीथहून, नवीन सभासद

ताई, काकू, काका, मनापासून आभार. नकाशा घेतला, ऑर्डनन्स सर्व्हेचा, ओएल 11 नंबरचा. हॅसॉक्सपासून दक्षिणेला बघत गेलो तर पवनचक्क्या आणि ब्रायटनच्या कडेचं पॅचम यांच्या मध्ये, उघड्या माळावर, ‘छत्री’ असं लिहिलेलं दिसलं. हे आपल्याकडचंच काही आहे का? आणि पाऊस पडून गेल्यावर या वाटांवर पळता येतं का?

---

लुईसहून, ताई

पावसाचं आधी सांगते. ओला खडू फार घसरडा. जिथे हजारो पावलांनी आणि सायकलींनी वाट घासून गुळगुळीत झाली आहे, तिथे कुठलाही बूट धरत नाही, कितीही खोल नक्षीचा असो. अशा उतारावर वाट सोडून कडेच्या गवतावरून उतरायचं, पावलं लहान, शरीर किंचित पुढे. मागे झुकलास की पाय निसटलाच. माथ्यावर काही ठिकाणी खडूवर लाल चिकणमाती आहे, ती बुटाला चिकटून पाय जड करते. तिच्यासाठी मात्र नक्षीचे बूट हवेत. उन्हाळ्यात वाट वाळली की तुझे रस्त्यावरचे बूट चालतील, फक्त तळ जाड असू दे. खडूत चकमकीचे दगड असतात, फुटले की त्यांची धार सुरीची. इथल्या आदिमानवाने हत्यारं यांचीच केली.

आता छत्री. तू विचारलंस म्हणून बरं वाटलं, कारण मंडळातल्या कितीतरी जणांना ती माहीत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांना ब्रायटनला आणत. तिथला राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, त्यांचं रुग्णालय झाला होता. तिथल्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांचं दहन कुठे करायचं हा प्रश्न आला. तेव्हा पॅचमच्या वर, वस्तीपासून दूर, डोंगराच्या उघड्या उतारावर जागा निवडली. तिथे 53 जणांना अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. पुढे त्याच दहनाच्या जागी स्मारक उभारलं: आठ खांबांवरचा पांढऱ्या संगमरवराचा घुमट, समोर चितांच्या चौथऱ्यांवर बसवलेल्या ग्रॅनाइटच्या तीन शिळा. आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांचा. 1 फेब्रुवारी 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. दुसऱ्या महायुद्धात सैन्य या माळावर सराव करायचं, तेव्हा गोळ्यांनी त्याचं नुकसान झालं. नंतर दुरुस्ती केली. 2010 मध्ये शेजारी एक भिंत उभी राहिली, तीवर त्या 53 जणांची नावं कोरली आहेत.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. पायीच जावं लागतं, आणि मला ते फार योग्य वाटतं. ज्या उतारावरून त्या मुलांना शेवटचं नेलं, तो आपण आपल्या पायांनी चढायचा. मी तिथे पळत शिरत नाही. वरून येताना पांढरा घुमट दिसला की चालायला लागते, टोपी काढते, आणि भिंतीवरची नावं मोठ्याने वाचते. आपापल्या गावाहून इतक्या लांब येऊन गेलेल्या माणसांची नावं आपल्याकडच्या कुणाच्या तरी तोंडून तिथे उच्चारली जावीत असं मला वाटतं. घाई असली तरी एवढं करतेच.

वाट सोपी आहे. हॅसॉक्सहून पवनचक्क्यांपर्यंत आधी सांगितलं तसंच. तिथून पूर्वेला न वळता दक्षिणेला उतरत जायचं, अडीच-तीन किलोमीटरवर छत्री. पुढे पॅचमवरून ब्रायटनपर्यंत. एकूण साधारण 12 किलोमीटर, आणि चढ एकच, सुरुवातीचा. खरं तर तुझी पहिली वाट हीच असू दे. तुला बोगद्यावरचा डोंगर ओलांडायचा होता ना? ही वाट बरोबर तेच करते, आणि शेवटी तू तुझ्या रोजच्याच स्टेशनवर पोचतोस. मंडळातर्फे सगळ्यांनी मिळून एकदा ही वाट करावी अशी माझी सूचना आहे. पळणारे पळतील, चालणारे पॅचमकडून वर येतील, छत्रीपाशी भेटू.

---

ईस्टबोर्नहून, काका

ताईच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. मी पॅचमकडून चालत येईन.

सेव्हन सिस्टर्सचा माझा आग्रह मी सोडलेला नाही, सप्टेंबरवर ढकलतो. तोवर पोरगं तयार होईल. पण त्या वाटेची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण मी रोज तिथेच फिरतो आणि दर उन्हाळ्यात माणसं फोटोसाठी कड्याच्या टोकाला उभी राहिलेली पाहून पोटात गोळा येतो. हा कडा जिवंत आहे. लाटा खालून खडू पोखरतात आणि वरचा भाग अधांतरी राहतो. वर उभं राहून ते दिसत नाही, गवत तर अखंड असतं. मग एक दिवस काही न सांगता शेकडो टन खडू खाली जातो. बर्लिंग गॅपला किनारा सरासरी दरवर्षी अर्ध्या मीटरहून जास्त मागे हटतो. बेल टूटचा दीपस्तंभ 1999 मध्ये अख्खाच्या अख्खा उचलून 17 मीटर आत सरकवला, तो याचसाठी. तेव्हा पळताना कड्यापासून भरपूर आत राहायचं. वाऱ्याचा दिवस असेल तर आणखी आत. भेगा दिसल्या तर त्यांच्या अलीकडेच. खाली किनाऱ्यावर उतरलात तर कड्याला टेकून बसू नका, आणि भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय उतरूच नका.

एवढं सांभाळलं तर बीची हेडवर, 162 मीटरवर, उभं राहून मागे वळून बघशील तेव्हा मला दुवा देशील. आणि ऑक्टोबरच्या शेवटी इथे बीची हेड मॅरेथॉन असते. सुरुवातीलाच गवताचा असा चढ की पहिल्या मिनिटाला अर्धे लोक चालायला लागतात. मग जेव्हिंग्टन, अल्फ्रिस्टन करून शेवटी सगळ्या बहिणी. हे पुढच्या वर्षीसाठी डोक्यात ठेव.

---

क्रॉलीहून, मंडळाची कार्यवाह

छत्रीची वाट जूनमध्ये ठेवू. दर वर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. त्या दिवशी गर्दी करण्यापेक्षा आपण जूनमधलाच वेगळा रविवार धरू, म्हणजे शांतपणे थांबता येईल. पळणाऱ्यांनी सकाळी साडेआठला हॅसॉक्स स्टेशनबाहेर जमायचं, चालणाऱ्यांनी साडेनऊला पॅचममध्ये. ए27 हमरस्त्याच्या पुलापलीकडून छत्रीपर्यंत घोड्यांची वाट आहे, पायांखाली कोरडी असेल तर अर्ध्या तासाच्या आत होते. लहान मुलांची बाबागाडी फाटकांतून नेणं अवघड, पाठीवरची झोळी आणा. कुत्र्यांना दोरी हवी, मेंढ्या असतात. फुलं आणायची असतील तर प्लास्टिकच्या वेष्टनाशिवाय आणा. नावं वाचायची ताईंची कल्पना मला फार आवडली, प्रत्येकाने काही नावं वाचू.

डबे आपापले. थालीपीठ, दशम्या, गूळपोळी असं वाऱ्यात उडून न जाणारं काहीतरी आणा.

---

लुईसहून, ताई

आईंचं राहिलंच होतं. दोन पर्याय आहेत. छत्रीला त्या पॅचमकडून काकांच्या बरोबर येऊ शकतील. चढ हळू आहे, पण वाटेत बसायला बाक नाहीत. ते जमणार नसेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी ब्रायटनहून 77 नंबरची बस घ्या, ती थेट डेव्हिल्स डाइकला माथ्यावर सोडते. शनिवार-रविवारी नक्की असते. बसमधून उतरलं की दहा पावलांवर अख्खी वील्ड समोर. शंभर मीटर खोल कोरडी दरी पायाशी, आणि तिच्याबद्दल इथली म्हातारी माणसं सांगतात ती गोष्टही आईंना आवडेल: सैतान समुद्राचं पाणी आणून वील्डमधली देवळं बुडवायला रात्री हा चर खणत होता. एका म्हातारीने मेणबत्ती लावली, कोंबडा आरवला, सैतानाला वाटलं उजाडलं, आणि काम अर्धं टाकून तो पळाला. आई तिथे बसतील तोवर तुला दरीच्या तळापासून माथ्यापर्यंत चार-पाच फेऱ्या मारता येतील. चढाच्या सरावाला त्याहून चांगली जागा जवळपास नाही.

जुलैमध्ये आल्या तर आणखी छान. तेव्हा मेंढ्यांनी चरून आखूड ठेवलेल्या गवतात रानटी थाइम आणि निळी रॅम्पियनची फुलं असतात, ससेक्सचं फूल म्हणतात तिला. त्यांच्यावर निळी फुलपाखरं. वर चंडोल गात असतात.

आईंचे गुडघे कसे आहेत ते कळव, म्हणजे दोन्हींतलं काय ते ठरवू. आणि त्या रविवारी माझ्याबरोबर हॅसॉक्सहून पळायला आणखी कोण आहे, ते याच मेलला उत्तर देऊन सांगा.